रब्बींची पत्रं: जुना कागद म्हणजे अस्सल पत्र नव्हे

कागद पिवळा पडलेला, शाई फिकट, अक्षर वळणदार, म्हणजे पत्र अस्सलच! ज्यू धर्मगुरूंची, म्हणजे रब्बींची, हस्तलिखित पत्रं जमवणाऱ्या नवख्यांचा हा लाडका समज. त्याला खेरसन प्रकरणाइतकं चोख उत्तर नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, युक्रेनमधल्या खेरसन शहरात सापडल्याचं सांगत शेकडो पत्रं पुढे आली. लिहिणारे म्हणे हसीदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव्ह (मृत्यू १७६०) आणि त्यांचे शिष्य. एका धनिक अनुयायानं ती विकत घेऊन हसीदींच्याच चबाद शाखेच्या प्रमुखांना भेट दिली. अभ्यासकांनी ती तपासायला घेतली तेव्हा घोडं तारखांपाशी अडलं. बहुतेक अभ्यासक आज ती बनावट मानतात. चबाद परंपरेत मात्र त्यांवर श्रद्धा ठेवणारे आहेत. श्रद्धेशी वाद नको, पण पैसे मोजण्याआधी पंचांग उघडावं हे बरं.

कारण अशा पत्रावर हिब्रू तारीख असते, पुष्कळदा वार असतो, आणि त्या आठवड्यात सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात, वाचल्या जाणाऱ्या तोरा या धर्मग्रंथाच्या भागाचं नावही असतं. वर्षातला हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. हिशोब करून दिवस शब्बाथचा, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा, निघाला तर पत्र खाली ठेवावं, कारण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत लिहिणं निषिद्ध. कोकणातले बेने इस्रायली ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. मग रब्बी त्या दिवशी लेखणी कशी धरेल?

खाली रब्बींची सही आहे म्हणून मजकूरही त्यांच्याच हातचा, हेही खरं नाही. चबादचे सातवे प्रमुख मेनाखेम मेंडेल श्नेअरसन (१९०२–१९९४) यांची असंख्य पत्रं टंकलिखित आहेत. सही तेवढी त्यांची. अशा पत्राच्या कडेला त्यांनी स्वतः एखादी ओळ लिहिली असेल तर त्याची किंमत लगेच चढते. वर्गणीच्या पत्रांवर तर सहीसुद्धा छापील किंवा शिक्क्याची असू शकते. उलट सहीआधी ‘क्षुद्र’ अशा अर्थाचं विशेषण दिसलं, तर कुण्या शिष्याचं पत्र समजून बाजूला टाकू नये. मोठमोठे रब्बी नम्रतेनं तसंच लिहीत.

लिपी हिब्रू म्हणजे भाषा हिब्रू आणि मजकूर धर्मचर्चेचा, हा समज तर कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगमधल्या कागदांनी पार मोडीत काढला. तिथे सापडलेलं एक पत्र आता केंब्रिजला आहे. ते बाराव्या शतकातले थोर रब्बी मायमोनिडीस यांना त्यांचा व्यापारी भाऊ डेव्हिड यानं लाल समुद्राच्या काठच्या ऐधाब बंदरातून लिहिलं. भाषा अरबी, अक्षरं हिब्रू. वाळवंट ओलांडताना जीव कसा टांगणीला लागला, बंदरात नीळ सोडून घेण्याजोगं काहीच कसं नाही आणि म्हणून आता हिंदुस्थानकडे निघावं लागतंय, असा मजकूर. डेव्हिड समुद्रात बुडाला, बरोबर घरचा पैसाही गेला. मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले होते, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. धर्मशास्त्राचा एक शब्द नसलेलं हे पत्र मला त्या घराबद्दल कित्येक ग्रंथांपेक्षा जास्त सांगतं.

जितकं जुनं तितकं महाग, हेही अर्धंच खरं. अठराव्या शतकातल्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या रब्बींच्या शुभेच्छांपेक्षा विसाव्या शतकातल्या नामवंत रब्बींचा धर्मनिर्णय जास्त भाव खातो. काही खरेदीदार तर संशोधनासाठी नव्हे, घरात बरकत यावी म्हणून असं पत्र घेतात.

पत्र विकत घेतलं की छापायचा हक्कही मिळाला, असं धरून चालू नये. कागद तुमचा झाला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क मुदत संपेपर्यंत लिहिणाऱ्याच्या वारसांकडेच राहतो. शिवाय दुसऱ्याचं पत्र परवानगीवाचून वाचण्यावरची बंदी ज्यू परंपरा अकराव्या शतकाच्या सुमाराच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावे सांगते.

आणि तिकिटांच्या हौसेपायी पाकीट कापू नये. पत्ता आणि टपालाचा शिक्का हे दोन साक्षीदार त्याच्यावरच असतात.