चुन्याची रेघ आणि ड्रोनचा नकाशा

दिवाळीला सदलग्याला गेलं की आमच्या घरात एक वाद हमखास निघतो. मधली भिंत कुणाची, आपली की चुलत्यांची? शेताचा उतारा सगळ्यांकडे असतो. गावठाणातल्या घराचा मोजणी नकाशा मात्र बऱ्याच जणांकडे नसतो.

याचं कारण जुनं आहे. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तिथली जुनी मोजणी शेतसाऱ्यासाठी झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून आतली घरं मोजायची गरजच कुणाला वाटली नाही.

आता ते काम ड्रोन करतो. एक डोळा मिटून समोर धरलेल्या बोटाकडे बघा, मग दुसरा मिटून. बोट सरकल्यासारखं दिसतं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. वरून दोन जागांहून काढलेल्या फोटोंतही असंच होतं आणि त्या सरकण्यावरून उंची काढता येते. पूर्वी जाणकार माणूस यंत्राच्या भिंगांतून बघत एकेक रेघ ओढायचा. आज संगणक प्रत्येक फोटोत हजारो खुणा शोधतो, म्हणजे कौलाचा कोपरा, कट्ट्याची कड. तीच खूण शेजारच्या फोटोंत ओळखतो. मग कॅमेरा कुठे होता आणि खूण कुठे आहे, ही दोन्ही गणितं एकदम सोडवतो.

पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत महाराष्ट्राने असा प्रयोग केला. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. पहिल्या टप्प्यात कर्नाटकही होतं. ती खेड्यांसाठी आहे. सदलगा नगरपालिकेचं गाव, त्यामुळे त्यात बसत नाही. पण शहरांसाठीही २०२५ मध्ये 'नक्शा' हा कार्यक्रम निवडक ठिकाणी सुरू झाला आहे.

एक गोष्ट मात्र संगणकाला जमत नाही. दोन भावांची घरं एकाच कौलाखाली असली तर वरून फक्त छप्पर दिसतं, खालची भिंत नाही. म्हणून ड्रोन उडण्याआधी गावात चुन्याने हद्दी आखतात. ती रेघ घरमालक आणि शेजारी यांनी उभं राहून ठरवायची असते. नंतर हरकती घ्यायलाही वेळ मिळतो.

२०१९ च्या महापुरासारखं दूधगंगेचं पाणी पुन्हा चढलं आणि मातीची भिंत बसली, तर खूणही उरत नाही. भिंत कुठे होती हे आज आजीला आणि थोरल्या काकांना माहीत आहे. आपण पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात आहोत. मोजणीची वाट न बघता यंदाच्या सुट्टीत त्यांना घेऊन घराभोवती एक फेरी मारा, चुलत्यांनाही बोलवा. टेप धरा, फोटो काढा, लिहून ठेवा. नकाशा मशीन काढेल, रेघ आपल्यालाच ठरवावी लागेल.