उघाडीचे गणित

समुद्राची पातळी वाढते आहे, हे आता कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पण ती वाढल्याने नेमके काय होणार, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. एक दिवस खाडी उसळेल आणि वाशी, बेलापूर, नेरूळ पाण्याखाली जातील. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नकाशाने या भीतीत भर घातली. त्यात २०५० सालची मुंबई आणि तिच्या भोवतालचा बराचसा प्रदेश रंगवलेला होता, आणि 'मुंबई बुडणार' असे मथळे झळकले. नकाशा खोटा नव्हता. पण रंगवलेली जमीन बुडालेली नव्हती. मोठ्या भरतीच्या पुराच्या पातळीपेक्षा ती सखल होती, एवढाच त्या रंगाचा अर्थ. बांध, बंधारे, दरवाजे हिशेबात धरलेलेच नव्हते.

नवी मुंबईत तर भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली जमीन आजही आहे आणि तिच्यावर लोक राहतात. मग ती बुडत का नाही? या प्रश्नाचे उत्तर समजले, तर धोका नेमका कुठे आहे तेही समजते.

ठाणे-रायगडच्या खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्यांना हे उत्तर फार पूर्वीपासून माहीत आहे. खाजणात चिखलमातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत पावसाच्या पाण्यावर भात पिकवायचे, ही खारबंदिस्तीची रीत. पण बांध घातला की आत पडलेला पाऊसही अडकणार. म्हणून बांधाच्या पोटात दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. हे दार फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की खाडीचे पाणी ते दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. वीज नको, पंप नको. चंद्र भरती-ओहोटी घडवतो आणि दार आपले काम करते.

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. त्यातली खाडीकाठची पुष्कळ जमीन खाजणाची आणि मिठागरांची होती. सगळी जमीन भरतीच्या वर येईल इतका भराव घालणे म्हणजे डोंगरच्या डोंगर फोडणे. म्हणून नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडचे झडपांचे दरवाजे आपोआप बंद होतात आणि शहरावर पडलेला पाऊस नाल्यांतून या तलावांत साठतो. ओहोटीला दरवाजे उघडतात, तलाव रिकामे होतात. तत्त्व उघाडीचेच, फक्त शेताच्या जागी शहर आले.

आता समुद्राकडे वळू. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. याची मुख्य कारणे दोन. वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा समुद्र पोटात घेतो, आणि तापलेले पाणी प्रसरण पावते. दुसरे म्हणजे, जमिनीवरच्या हिमनद्या आणि ग्रीनलंड, अंटार्क्टिकावरील हिमस्तर वितळून त्यांचे पाणी समुद्रात येते. आपल्या बाजूच्या उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात ही वाढ वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर होती. १९९३ ते २०१७ या काळात ती ३.३ मिलिमीटरवर गेली, असे केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो.

तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून थोडे जास्त. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून उघाडीचे गणित मांडून पाहू.

आपल्याकडे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. उदाहरणादाखल समजा, समुद्र सरासरी पातळीच्या दोन मीटर वर आणि दोन मीटर खाली जातो, आणि पाणी सरासरीच्या अर्धा मीटर वर गेले की तलावाचा दरवाजा बंद होतो. हिशेब केला तर दरवाजा प्रत्येक भरतीला सुमारे सव्वापाच तास बंद राहील. आता समुद्र ३० सेंटिमीटर वर आला असे धरा. तोच दरवाजा जवळजवळ पावणेसहा तासांवर बंद राहू लागेल. म्हणजे एका भरतीला सुमारे ३५ मिनिटे जास्त, दिवसाला तासाभराहून अधिक. त्या तासात पडणारा पाऊस तलावात मावला पाहिजे, आणि तलाव रिकामा करायला मिळणारा वेळही तेवढाच कमी झालेला असणार. समुद्र बांधावरून उडी मारून आत येण्याच्या कितीतरी आधी शहराचे पाणी बाहेर जाणे अवघड होते, ते असे.

त्यात पावसाची तऱ्हा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि ऐन जोरात असताना दुपारची भरती आली. कोकणातल्या जुन्या लोकांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेचे मोठे उधाण त्यामुळे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. भरतीची वेळ अशी आधीच सांगता येते, पण पाऊस तिच्यासाठी थांबत नाही. दोन्ही एकाच वेळी आले तर आपल्या हाती उरते ती फक्त साठवणीची जागा.

आणि इथेच खरी अडचण आहे. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी होते. दहा हेक्टरांचा, दोन मीटर खोल तलाव असे दोन लाख घनमीटर पाणी साठवतो. त्यात एक मीटर गाळ बसला की साठवण निम्मी. नवी मुंबईच्या धारण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्या गाळात तिवरे उगवली. तिवरांना उच्च न्यायालयाचे संरक्षण आहे. त्यांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. खाडीकाठची तिवरे लाटांचा जोर मोडतात, चिखल धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. तेव्हा हे संरक्षण योग्यच आहे. पण तलावातली तिवरे गाळ काढण्याच्या आड येतात आणि त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. बांधाबाहेरचे तिवर शहराचा रक्षक आहे, बांधाच्या आतले मात्र साठवणीची जागा अडवते. 'तिवर वाचवा' आणि 'गाळ काढा' या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधी नाहीत. बाहेर तिवरांची रुंदी वाढवायची आणि आत तलावांची खोली राखायची, असा त्यांचा मेळ घालता येतो.

आणखी दोन गोष्टी. खाजणावर घातलेला भराव खालच्या मऊ चिकणमातीला दाबतो आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. जमीन एक सेंटिमीटर खचली काय किंवा समुद्र एक सेंटिमीटर चढला काय, दरवाजाच्या दृष्टीने फरक नाही. दुसरे म्हणजे, भराव करून एक वसाहत उंचावली की पाणी शेजारच्या सखल भागाकडे, बहुधा जुन्या गावठाणाकडे, वळते. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्यांच्याच ओट्यावर त्याचे पाणी चढते. उरण-पेणकडे तर बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि मातीतले मीठ धुऊन जायला पुढे किती पावसाळे लागतील, याचा नेम नसतो.

२१०० सालापर्यंत जगाची सरासरी पातळी किती वाढेल? कर्बवायूंचे उत्सर्जन झपाट्याने कमी केले तर साधारण ३० ते ५५ सेंटिमीटर, आणि ते वाढतच गेले तर ६० सेंटिमीटर ते एक मीटर, असा २०२१ च्या त्याच अहवालाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधले अंतर साऱ्या जगाच्या हाती आहे. पण तलावांतला गाळ, दरवाजांच्या बिजागऱ्या, पाणथळ जागांवरचा नवा भराव आणि गावठाणातले नाले या गोष्टी आपल्या महापालिकेच्या आणि आपल्या हाती आहेत. पूर्वी उघाडी गळू लागली की पावसाळ्याआधी गाव जमायचे, कारण प्रत्येकाचे शेत त्या दारावर अवलंबून असे. आज आपली घरे त्याच दारावर अवलंबून आहेत. ते दार आपल्या प्रभागात कुठे आहे आणि त्यामागच्या तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला, हे यंदा पावसाळ्याआधी प्रत्येकाने विचारावे. त्याचे उत्तर आपल्या नगरसेवकाला तोंडपाठ असले पाहिजे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)