गाठीत शिरलेल्या पेशी

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची गाठ तपासली, की तिच्यात अनेकदा रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी शिरलेल्या सापडतात. कर्कपेशी ओळखूनही त्या थंडावलेल्या असतात, कारण गाठ त्यांच्यावरचा पीडी-१ हा ब्रेक दाबून धरते.

तो ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध २०१५ मध्ये जिमी कार्टर यांना शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांच्या जोडीला मिळालं. मेलानोमा मेंदूपर्यंत पोचला होता; तरी अमेरिकेचे हे माजी राष्ट्राध्यक्ष १०० वर्षं जगले.

अमेरिकी शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग यांची वाट अधिक धाडसी. गाठीतल्याच टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत अब्जावधींनी वाढवायच्या, रुग्णाला परत द्यायच्या. पहिले निष्कर्ष १९८८ चे. अमेरिकेत अशा उपचाराला मान्यता मिळाली थेट २०२४ मध्ये!

भारतीयांत मेलानोमा विरळा, पण तो तळपायावर किंवा नखाखालीही होतो. तिथला काळा डाग वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.