पुलाखालून वाघ गेला, पाखरांचे काय?

नागपूरहून जबलपूरकडे निघाले, की कामठी, कन्हान, मनसर मागे पडते आणि देवलापारच्या आसपास साग, मोह, तेंदूचे रान रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दाटू लागते. पुढे खवासा आणि मध्य प्रदेशची हद्द. किपलिंगचा मोगली हिंडला ती सिवनीची टेकाडे याच रस्त्यावर पुढे लागतात. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. आता तो ४४ झाला आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, देशातला सर्वांत लांब.

हा रस्ता चौपदरी करायचे ठरले तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. पेंचचे जंगल दुभंगणार, वाघांची ये-जा थांबणार ही भीती खरीच होती. अखेर तोडगा निघाला. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे १६ किलोमीटरच्या जंगलपट्ट्यात रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेतला. वरून वाहने, खालून जनावरे. यातला लहानात लहान मार्ग ५० मीटरचा, तर मोठा ७५० मीटरचा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने पुलांखाली कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या दहा महिन्यांत १८ प्रजातींची ५,४५० छायाचित्रे मिळाली आणि ११ वाघ तिथून ये-जा करताना दिसले. नागपूरकरांनी अभिमान बाळगावा असेच हे काम आहे.

पण बँकेत हयात घालवलेल्या माणसाची एक खोड असते. ताळेबंद जुळला, तरी कोणती नोंद राहून गेली ते तो शोधत बसतो. कॅमेऱ्याला दिसते ते मोजले गेले. कानाला ऐकू येते त्याचा हिशेब कोणी ठेवायचा?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस रामटेककडच्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. कर्जवसुलीसाठी रानाकडेच्या गावांतून फिरावे लागे. मृगाच्या तोंडावर नवरंग येई आणि सकाळ-संध्याकाळ त्याची दोन सुरांची शीळ रानातून घुमे. ती ऐकली, की ओसरीवरची माणसे बियाण्याच्या गोष्टी काढत. आमची वसुली मग दिवाळीवर जाई!

पक्ष्याचे गाणे आपल्याला करमणूक वाटते. त्याच्या दृष्टीने तो कामकाजाचा पत्रव्यवहार असतो. ही हद्द माझी, मी जोडीदारीण शोधतो आहे, सावध व्हा शिकरा आला, एवढे सगळे त्यात असते. वाहनांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली असते. म्हणून भारद्वाज, होला, घुबड अशा खर्जातल्या आवाजांना ती आधी गिळते. हॉलंडमधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले पक्षी वरच्या पट्टीत गातात, असे २००३ मध्ये दिसून आले. सगळ्यांना असा सूर बदलता येतोच असे नाही.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तर संशोधकांनी गंमतच केली. रस्ता नसलेल्या रानात अर्धा किलोमीटर ध्वनिक्षेपक मांडले आणि वाहनांचा नुसता आवाज वाजवला. डांबर नाही, धूर नाही, एक झाडही तोडले नाही. तरी तिथल्या पक्ष्यांची संख्या पाव हिश्शाहून अधिक घटली. हा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट २०२०च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिमण्यांच्या एका जातीने आवाज खाली आणला आणि तरीही त्यांचे गाणे अधिक दूरवर पोचू लागले. म्हणजे हे नुकसान भरून येऊ शकते.

आवाजाखेरीज उजेडाचीही गोष्ट आहे. झाडे तुटली, की ऊन थेट जमिनीवर उतरते. मग रायमुनिया, गाजरगवत, तरोटा अशी मंडळी रस्त्याच्या कडेने ठाण मांडतात आणि हळूहळू आत सरकतात. दाट सावलीत, पालापाचोळ्यात किडे टिपणाऱ्या नवरंगासारख्या पाखराची जागा आकसते. मोकळवन आवडणाऱ्या साळुंक्या आणि बुलबुलांचे फावते. संख्या मोजली तर पक्षी कमी झालेले दिसणारही नाहीत, पण रान बदललेले असते. रातव्याची तऱ्हा आणखी वेगळी. अंधार पडला, की हा रस्त्यावरच येऊन बसतो. दिव्याच्या झोतात डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि उडायला उशीर होतो. पुलाखालचा मार्ग त्याच्या काय कामाचा?

रस्ते नकोत असे मी म्हणणार नाही. देवलापारकडच्या बाळंतिणीला नागपूर गाठायचे असेल, तर चांगला रस्ताच हवा. परंतु उपाय आहेत. याच महामार्गावर पुढे मध्य प्रदेशात आवाज आणि दिव्यांचा झोत अडवण्यासाठी कठड्यांवर उंच आडोसे उभारले आहेत. जंगलपट्ट्यात रात्री वेग कमी ठेवता येतो, हॉर्न आवरता येतो, कडेचे तण दरवर्षी काढता येते. आणि नवा रस्ता आखताना वाघाच्या कॅमेऱ्याशेजारी आवाज टिपणारे एक यंत्रही लावता येते. रस्ता होण्याआधीचे रान कसे बोलत होते याची नोंदच नसेल, तर पुढे काय गेले ते कळणार कसे?

येत्या मे महिन्यात मुलांना पेंचला नेणार असाल, तर वाघ दिसावा म्हणून शुभेच्छा. पण पहाटे महामार्गापासून दूर आत गेल्यावर जीप थांबवायला सांगा, इंजिन बंद करायला लावा आणि मुलांना पाच मिनिटे नुसते ऐकू द्या. किती आवाज ओळखू आले ते घरी आल्यावर वहीत लिहायला सांगा. पुढच्या वर्षी ती वही सोबत न्या.