याम

महाशिवरात्रीस चार यामांच्या चार पूजा, हा आपला परिपाठ. जेथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, त्या मार्कंड्यास जागरणासाठी आलेला भाविक एकाही यामाची पूजा चुकू देत नाही. याम म्हणजे प्रहर, तीन तासांचा काळ. (तरी रात्रीस संस्कृतात ‘त्रियामा’ म्हणतात, पहिल्या व अखेरच्या यामाचा अर्धा भाग रात्रीत धरीत नाहीत.)

हाच शब्द बल्लारपुरात एका केरळीय ख्रिस्ती गृहस्थांच्या घरी कानी पडला, तेव्हा आम्ही चकित झालो. नित्याच्या, ठरल्या वेळच्या प्रार्थनांना मल्याळम भाषेत ‘यामप्रार्थना’ म्हणतात. १९६२ साली चांदा भागातील ख्रिस्ती धर्मकार्य केरळातील सिरो-मलबार पंथाच्या संन्याशांकडे आले. त्यांच्या संघाचे एक संस्थापक कुर्याकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) संस्कृतप्रेमी होते. १८४६ साली त्यांनी मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली. १८६८ साली आपल्या कैनकरी गावच्या कुटुंबांना त्यांनी एक पत्र लिहिले. त्याचे नाव ‘चावरुळ’, म्हणजे मरणापूर्वीचा उपदेश. त्यात उपासतापास फारसे नाहीत. घरची रीत आहे. निजण्याउठण्याची वेळ नेमलेली असावी, कर्ज टाळावे, आणि घरी कितीही मोठा पाहुणा असो, सायंप्रार्थना तिच्या वेळेस व्हावी. शिवाय हे पत्र दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांनी मिळून वाचावे! सवय विसरते, हे त्या साधूने जाणले होते.

त्या सायंकाळी पाहुणे आम्हीच होतो. दिवेलागण होताच गृहस्थांनी हात जोडून आमची अनुज्ञा मागितली. लेकरे, म्हातारी, गिरणीतून नुकताच आलेला मुलगा, सारे एकत्र बसले. पंधरा मिनिटांत प्रार्थना आटोपली, मग चहा आला.

आम्ही मात्र खजील झालो. चाळीस वर्षे आम्ही नित्यनेमाचे निरूपण केले. पण आमच्या घरी पाहुणा आला की शुभंकरोती उद्यावर जाते. वर्षातून एक रात्र चार याम जागणारे आम्ही, रोजची एक घटका सांभाळू शकलो नाही. घरी येऊन नातीस विचारले, तर तिला शुभंकरोती पाठ नव्हती. येणार कोठून? म्हणणारा आजोबा गावोगाव कीर्तनात.

आता रोज सात वाजता ती घंटा वाजविते. परवा ऐन दिवेलागणीस गडचिरोलीची मंडळी कीर्तनाची तिथी ठरविण्यास आली. नातीने घंटा हाती घेऊन आमच्याकडे पाहिले. आम्ही मंडळींना देवघरातच बोलाविले.