चौथी तबकडी

जोगेश्वरीच्या सहाव्या शतकांतील शैव लेण्यांत पाणी झिरपून मूर्ती झिजत आल्या आहेत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं कोणीं मिनी-डीव्ही फितीवर त्यांचें चित्रण केलें असेल, तर तें आज पुन्हां घेतां यावयाचें नाहीं. अशी तासाभराची फीत संगणकांत उतरविली, कीं सुमारें 13 गिगाबाइटची फाईल होते. साध्या डीव्हीडीवर मावतात 4.7, तेव्हां तीन सारखे तुकडे करणें आलें. तुकडे संगणक बिनतक्रार करतो. पण एक तबकडी बिघडली, कीं तेवढें चित्रण गेलें; फाईल दाबून लहान केलेली असल्यास बहुधा सारेंच.

येथें चौथी तबकडी कामास येते. संगणकाचें सर्व लेखन शून्य व एक या दोन अंकांत असतें. तिन्ही तुकड्यांतील एकाच स्थानावरचे अंक पाहावे. त्यांत ‘एक’ विषम वेळां आला असेल, तर चौथ्यांत एक लिहावा, एरवीं शून्य. अर्थात् हें काम यंत्राचें. पुढें कोणतीहि एक तबकडी गेली, तरी उरलेल्या तिहींवर हाच हिशेब मांडून ती जशीच्या तशी परत मिळते.

दोन गेल्या, तर मात्र इलाज नाहीं. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्याच्या कपाटांत शिरलेलें पाणी तबकड्या निवडीत बसत नाहीं. यासाठीं चौघींचा आणखी एक संच पुण्याच्या आप्तांकडे असावा, आणि दोन्ही संच मूळ फाईलशीं ताडून होईपर्यंत ती पुसूं नये.