मद्यार्कयुक्त पेट्रोल आणि शेतीयंत्रांचा गंज

गेल्या हंगामात उत्तम चाललेले पेट्रोलचे फवारणी यंत्र मृगाच्या तोंडावर कोठीतून बाहेर काढावे, दोरी ओढून ओढून खांदा दुखावा आणि यंत्राने मुळीच दाद देऊ नये, हा अनुभव आमच्या नायगाव तालुक्यातील पुष्कळ शेतकऱ्यांस आला असेल. कारागिराने कार्बुरेटर उघडला म्हणजे आत पांढरी भुकटी, पितळी भागांवर हिरवट थर आणि फुगून मऊ पडलेली रबरी नळी दिसते. कपाशीवर कीड पडली असता यंत्राविना आठ दिवस गेले, तर ते नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून कितीतरी अधिक असते. दोष कोणी पंपवाल्याच्या माथी मारतो, कोणी कंपनीच्या. परंतु खरे कारण पुष्कळदा इंधनाच्या स्वभावात व आपल्या ठेवण्याच्या रीतीत असते.

आज पंपावर मिळणारे पेट्रोल हे निव्वळ पेट्रोल नव्हे. त्यात शंभरास वीस भाग इथेनॉल, म्हणजे मद्यार्क असतो. हा उसाची मळी, उसाचा रस, मका व तुकडा तांदूळ यांपासून काढतात. तेव्हा एका अर्थी तो आपल्याच शेतातील माल होय, आणि त्याच्याशी वैर धरण्याचे आपणास कारण नाही. ही कल्पनाही नवी नव्हे. पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासंबंधीचा कायदा आपल्या देशात १९४८ सालीच झाला होता. तो २००० साली रद्द झाला. पुढे जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत शेकडा पाच मिश्रण सुरू झाले, २०२२ साली ते प्रमाण शेकडा दहांवर आले, आणि फेब्रुवारी २०२३ पासून शेकडा वीस मिश्रणाची विक्री आरंभली. आपल्याकडील पुष्कळशी लहान यंत्रे मात्र त्यापूर्वीची आहेत.

मद्यार्कावर यंत्र चालविण्याचा पुष्कळ अनुभव शर्यतवाल्यांपाशी आहे, म्हणून त्यांच्याकडे थोडे वळू. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कोण आधी काटतो अशा ‘ड्रॅग’ शर्यती अमेरिकेत फार लोकप्रिय आहेत. आपल्याकडेही पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात त्या भरल्या. यांतील काही गाड्या मिथेनॉल या दुसऱ्या जातीच्या मद्यार्कावर धावतात. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलास ९ आणि मिथेनॉलास केवळ ६.४. यामुळे त्याच हवेत दुपटीहून अधिक मिथेनॉल जाळता येते. शिवाय ते वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते व आत येणारी हवा थंड करते, आणि जबर दाबाखालीही अवेळी पेट घेत नाही. पण यासाठी त्या यंत्राचे जेट, नळ्या व दाब सारे निराळे केलेले असते. आपल्या फवारणी यंत्राचा दाब बेताचा. त्यात शर्यतीचे इंधन ओतणे म्हणजे बैलास घोड्याचा खोगीर चढविणे होय.

मिथेनॉल ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम या धातूंस खाते, आणि पाणी ओढून घेते, हे शर्यतवाल्यास पक्के ठाऊक असते. म्हणून दिवसाची शर्यत संपली की तो टाकीतील मिथेनॉल काढून टाकतो, साध्या पेट्रोलावर यंत्र थोडे चालवून नळ्या व कार्बुरेटर धुऊन काढतो, आतल्या भागावर तेलाचा हात फिरवितो, आणि वंगणतेलही लवकर बदलतो, कारण न जळलेले मिथेनॉल त्यात उतरलेले असते. येथे ध्यानात धरावयाचे ते हे की, यंत्र चालत असता गंज फारसा चढत नाही. तो चढतो यंत्र स्वस्थ पडून असताना.

शर्यतवाला एक रात्र यंत्र तसे ठेवण्यास धजत नाही. आपण दिवाळीपासून मृगापर्यंत ठेवतो.

इथेनॉल मिथेनॉलाइतके तिखट नाही, पण पाण्याची ओढ त्यासही आहे. टाकी दिवसा तापते व रात्री निवते. त्याबरोबर बाहेरची दमट हवा आत शिरते. केवळ या ओलाव्याने मोठे अरिष्ट सहसा होत नाही. परंतु झाकणाचा वायसर फाटून पावसाचे पाणी आत गेले, तर मर्यादेपलीकडे पाणी होताच मद्यार्क व पाणी एकत्र येऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. थंड रात्री हे अधिक लवकर घडते. तळाचा तो थर लोखंडास गंज, जस्तमिश्रित कार्बुरेटरास पांढरी भुकटी व पितळेस हिरवा थर आणतो. दोन ठोक्यांच्या यंत्रात तर निराळेच भय असते. वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलात राहते व नळी तळाचा थर ओढते. मग पिस्टनास वंगण न मिळून तो जाम होतो. असे इंधन हलवून वापरू नये, काढूनच टाकावे.

हंगाम संपताच टाकी रिकामी करावी. काढलेले तेलमिश्रित पेट्रोल शेजाऱ्याच्या चालू यंत्रास द्यावे, साठवू नये. मग यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटरही रिता होतो. तळास स्क्रू असल्यास तोही उघडून पाहावा. प्लग काढून त्या छिद्रातून चहाचा चमचाभर तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा हलकेच ओढावी, प्लग बसवावा. यास अर्धा तासही लागत नाही. हंगामातही पेट्रोल पंधरवड्यापुरतेच आणावे, घट्ट झाकणाच्या भांड्यात सावलीत ठेवावे, आणि भांड्यावर आणल्याची तारीख लिहावी. कचेरीत आवक-बारनिशी सांभाळण्यात माझे दिवस गेले, म्हणून हा आग्रह असे कोणी म्हणेल. पण तारखेविना पेट्रोलाचे वय कळत नाही.

महाग, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल घेतल्याने जोर वाढतो हा समज खोटा आहे. ऑक्टेन हे दाब सोसण्याचे माप आहे, शक्तीचे नव्हे. उलट इथेनॉलात आकारमानाने पेट्रोलाच्या दोनतृतीयांशच उष्णता असल्याने शेकडा वीस मिश्रणाची उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. पाणी घालून पेट्रोलातील मद्यार्क धुऊन काढण्याची युक्तीही काही जण सांगतात. तसे केल्याने ऑक्टेन घटते, उरलेल्या पेट्रोलात पाण्याचा अंश राहतो, आणि यंत्र ठोकू लागते. मिथेनॉल तर घरात आणूच नये. ते जहर आहे. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाते, आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

पेट्रोलात मद्यार्क किती हे पाहावयाचे असल्यास काचेच्या मापात शंभर भाग पेट्रोल व दहा भाग पाणी घालून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. तळाचा थर दहाऐवजी तिसाच्या आसपास भरला, तर वीस भाग मद्यार्क समजावा. ही परीक्षा विडी-चुलीपासून दूर करावी, आणि ते पेट्रोल यंत्रात घालू नये. जुन्या यंत्राची नळी व वायसर बदलताना ते मद्यार्क सोसणाऱ्या रबराचे, कारागीर ज्यास ‘व्हायटॉन’ म्हणतात त्याचे, आहेत काय हे दुकानदारास विचारून घ्यावे. किंमत थोडी अधिक पडते.